चार आण्यांचा उंदीर, बारा आण्यांचं ऑपरेशन

आमच्या घरी दोन उंदरिणी होत्या. एकीचं ऑपरेशन आम्ही केलं, दुसरीचं केलं नाही. पहिल्या वेळी लोक हसले, दुसऱ्या वेळी रागावले. हसणारे वेगळे, रागावणारे वेगळे. पण दोघांची चूक मला एकाच जातीची वाटते. हसणाऱ्यांनी आमच्या पाकिटाकडे पाहिलं, रागावणाऱ्यांनी आमच्या मायेकडे. पिंजऱ्यातल्या उंदराकडे पाहायचं दोघांचंही राहून गेलं.

जिरी आणि मोहरी या सख्ख्या बहिणी. लेक अकरावीत असताना शहरातल्या एका दुकानातून घेऊन आली, तीनशेला एक. मराठीत घरात पोत्यामागून पळणारं चिमुरडंही उंदीर आणि हेही उंदीर, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलतंच चित्र उभं राहतं. पाळायचा उंदीर हा गटारात राहणाऱ्या मोठ्या तपकिरी उंदराचा माणसाळलेला वंशज. मादी तीनशे ग्रॅमच्या आसपास भरते, नर पाचशेच्याही पुढे जातो. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत जो पाहील तो "अहो, ही घूस आहे, फसवलं तुम्हाला" म्हणायचा.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, निम्मं आयुष्य निफाड तालुक्यात उंदरांशी लढण्यात गेलं. कणगीतला गहू, गोठ्यातली सरकी, द्राक्षबागेतल्या ठिबकच्या नळ्या. उंदराने काही सोडलं नाही आणि अण्णांनीही उंदराला सोडलं नाही. झिंक फॉस्फाइड पिठात कालवून बिळाच्या तोंडाशी ठेवताना लहानपणी मी त्यांच्या मागे उभा असायचो. नातीच्या खांद्यावर जिरीला बसलेली पाहून ते मला म्हणाले, "यांना मारून मारून तुला शाळेत घातला, आणि तू यांनाच डोक्यावर बसवलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही फारसं नाही.

उंदराबद्दलची ही भीती अडाणीपणाची नाही, हे आधी मान्य करू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि काही वर्षांतच आमच्या भागात पोचला. भगूरला सावरकरांचे वडील १८९९ मध्ये प्लेगनेच गेले. घरात उंदीर मरून पडायला लागले की गाव सोडून रानात झोपड्या टाकायच्या, ही आठवण अण्णांच्या आजीपासून आमच्या घरात चालत आलेली आहे. त्याच उंदराला आपण गणपतीपुढे बसवलं, त्याच्या कानात नवस बोललो, आणि घरी येऊन त्याच्यासाठी डिंकाचा चिकट पुठ्ठा मांडला. कायदाही असाच गोंधळलेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उंदराला कावळ्याबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात टाकलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच गेलं. त्याआधी, २०१८ च्या पाळीव प्राणी दुकानांच्या नियमांनी पाळीव प्राणी म्हणजे कोण हे सांगताना कुत्रा, मांजर, ससा यांच्याबरोबर उंदरांच्या जातीही लिहिल्या. म्हणजे मधली काही वर्षं रानातला उंदीर सरकारदरबारी उपद्रवी आणि दुकानातला पाळीव. माझा प्रश्न या दुसऱ्या उंदराचा आहे. तो आपण मुद्दाम पिंजऱ्यात आणला. तो आजारी पडला की त्याचं काय करायचं, हे ठरवणं आपल्यावर येतं. प्लेगचा इतिहास सांगून त्यातून सुटता येत नाही.

जिरी सोळा महिन्यांची असताना तिच्या पुढच्या उजव्या पायाच्या बगलेत वाटाण्याएवढी गाठ लागली. पंधरा दिवसांत ती सुपारीएवढी झाली. उंदरिणीच्या स्तनांच्या ग्रंथी मानेपासून जांघेपर्यंत पसरलेल्या असतात, म्हणून गाठ बगलेत, पोटाशी, अगदी खांद्याजवळही येते. वय झालेल्या माद्यांमध्ये हे फार आढळतं. बऱ्याच गाठी साध्या असतात, म्हणजे शरीरभर पसरणाऱ्या नसतात. पण साधी गाठही वाढत वाढत अशी होते, की उंदीर तिला ओढत चालतो, ती जमिनीला घासून फुटते, आणि शेवटी अंगातलं अन्न उंदराला मिळायच्या आधी गाठीला मिळतं.

पहिल्या दवाखान्यात डॉक्टर हसले. "साहेब, तीनशेला नवी मिळते." लेक तिथेच रडायला लागली आणि मला भयंकर राग आला. आता तेवढा येत नाही. विचार केल्यावर लक्षात आलं, की त्यांना उंदराला भूल देता येत नव्हती आणि ते कबूल करायच्या ऐवजी ते किंमत सांगत होते. 'मला जमत नाही' हे तीन शब्दांत झालं असतं. आपल्याकडे ते म्हणायची सवय नाही. डॉक्टरांना नाही, मेकॅनिकला नाही, आणि मी तीस वर्षं हिशेब लिहितोय, मलाही नाही.

पण ते वाक्य एकट्या त्यांचं नव्हतं. पुढच्या आठवड्यात ते मला निदान दहा जणांनी ऐकवलं. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असं मेहुणे म्हणाले. हिशेबनीस म्हणून मला या म्हणीबद्दल आदर आहे, पण ती इथे लागू होत नाही. कोंबडी खायची असते, म्हणून मसाल्याचा खर्च कोंबडीच्या किमतीशी ताडायचा. बैल कामाचा असतो, म्हणून त्याच्या औषधाचा खर्च त्याच्या कामाशी ताडता येतो. उंदीर कुठल्याच कामाचा नसतो. तीनशे रुपये ही त्याला घरी आणण्याची किंमत झाली, जशी तिकिटाची किंमत ही गावाची किंमत नसते. तिच्याशी ऑपरेशनचा खर्च ताडून काही निघत नाही. खर्च ताडायचा तो आपल्या खिशाशी.

आणि बैलाच्या बाबतीतही शेतकरी हा हिशेब इतका कोरडेपणाने करतो, यावर माझा विश्वास नाही. मी शाळेत असताना आमच्या ढवळ्याच्या पोटात तार गेली. चाऱ्यातून जनावराच्या पोटात तार, खिळा जाणं ही गोठ्यातली नेहमीची भानगड. ढवळ्या तेव्हा म्हातारा होता, बाजारात त्याला गिऱ्हाईक नव्हतं. तरी अण्णांनी त्याला बैलगाडीत, म्हणजे दुसऱ्याच्या बैलांच्या गाडीत, घालून सरकारी दवाखान्यात नेलं आणि पोट उघडायला लावलं. "बारा वर्षं ओढलंय त्यानं," एवढंच म्हणाले. तेव्हा कोणी अण्णांना म्हण ऐकवली नाही. बैलाने निदान काम केलं होतं, हे मला कळतं. जिरीने काहीच केलं नव्हतं; रात्री पिंजऱ्याच्या गजांवर दात घासले होते आणि माझ्या दोन शर्टांची कॉलर कुरतडली होती.

यापेक्षा वजनदार आक्षेप एका मित्राने घेतला. तो जिल्हा रुग्णालयात काम करतो. सुरगाण्याहून, पेठहून एसटीने आलेली माणसं तिथल्या व्हरांड्यात रात्र काढतात; गोळ्यांना पैसे नाहीत म्हणून अर्धा उपचार टाकून परत जातात. "आणि तुम्ही उंदरावर नऊ हजार?" या प्रश्नावर लग्नातल्या फटाक्यांचा आणि हॉटेलच्या बिलांचा दाखला द्यायची पद्धत आहे. मी तो देणार नाही, कारण दुसऱ्याची उधळपट्टी हे आपल्या खर्चाचं समर्थन होत नाही. मित्राचा प्रश्न मला अजून टोचतो. त्यावर माझं म्हणणं एवढंच, की तो प्रश्न ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विचारायचा नसतो, उंदीर विकत घ्यायच्या आदल्या दिवशी विचारायचा असतो. जीव घरात आणला तेव्हाच त्याच्या आजारपणाचे पैसे आपण खर्ची टाकले. मग ते वाचवून सुरगाण्याच्या माणसाला देऊ म्हणणं ही पळवाट झाली, आणि कोणी देतही नाही. मात्र कर्ज काढून, फी थकवून, घरातल्या माणसाचं औषध लांबवून उंदराचं ऑपरेशन करायचं असेल, तर मी स्पष्ट सांगेन: करू नका. वेदना थांबवायचा स्वस्त मार्ग असतो, त्याबद्दल पुढे बोलतो.

किंमत बाजूला ठेवली, की खरं माप हाताशी येतं. ते दिवसांचं.

पाळीव उंदीर दोन ते तीन वर्षं जगतो. अडीच वर्षं म्हणजे तीस महिने धरा आणि माणसाची पंचाहत्तर वर्षं धरा. उंदराचा एक महिना हा आपल्या अडीच वर्षांएवढा पडतो आणि एक दिवस जवळजवळ महिन्याएवढा. हे शास्त्र नाही, कच्चा हिशेब आहे. पण निर्णयाला पुरतो. सोळा महिन्यांची जिरी म्हणजे चाळिशीची बाई. गाठ काढून तिला सहा महिने मिळाले तर ती आपली पंधरा वर्षं. 'कितीसं जगणार आहे ते' असं म्हणणाऱ्याने हे गणित एकदा मांडून पाहावं. चाळिशीतल्या कुणाला पंधरा वर्षं मिळणार असतील तर आपण त्याला टेबलावर जायला सांगू.

पण हाच हिशेब उलटाही फिरतो, आणि प्राणिप्रेमी मंडळी नेमकी इथे डोळे मिटतात. ऑपरेशननंतरचे दहा वाईट दिवस म्हणजे आपलं दहा महिन्यांचं अंथरूण. टाके उसवले, पुन्हा भूल द्यावी लागली, की आणखी काही महिने. जनावराला पुढच्या बऱ्या दिवसांची आशा नसते. आपण दुखणं सोसतो ते 'पुढच्या महिन्यात हिंडायला लागू' या भरवशावर. उंदराला फक्त आजचं दुखतं. म्हणून त्याच्या वतीने दुखण्याचा सौदा करताना पुढचे दिवस भरपूर आणि बऱ्यापैकी खात्रीचे असायला हवेत.

आणि हा सौदा धोक्याचा असतो. तीनशे ग्रॅमच्या उंदराच्या अंगात रक्त असतं साधारण वीस मिलिलिटर. औषधाच्या बाटलीबरोबर पाच मिलीचा प्लास्टिकचा चमचा येतो, तसे चार चमचे. त्यातला एक चमचा टेबलावर सांडला तर चौथा हिस्सा गेला. लहान अंग झपाट्याने थंड पडतं, म्हणून ऑपरेशनभर खाली ऊब लागते. माणसाला किंवा कुत्र्याला भुलीआधी उपाशी ठेवतात ते उलटी होऊन श्वासात जाऊ नये म्हणून. उंदराला उलटी होतच नाही, आणि उपाशी ठेवला तर त्याची साखर उतरते. त्याला ऑपरेशनच्या आधीपर्यंत खायला देतात आणि शुद्धीवर आल्या आल्या पुन्हा खायला घालतात. 'रात्रीपासून काही देऊ नका' असं कोणी सवयीने सांगितलं, की समजावं, या माणसाने उंदीर फारसे हाताळलेले नाहीत. टाके वरून घातले तर कुरतडण्यात हयात घालवणारा प्राणी ते एका रात्रीत काढतो, म्हणून ते कातडीच्या आतून घालतात. सगळ्यांत मोठी अडचण फुप्फुसांची. पाळीव उंदरांमध्ये मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा संसर्ग जवळपास घरोघरचा; तरुणपणी तो दबून असतो, वयाबरोबर श्वास घुरघुरायला लागतो. अशा फुप्फुसांवर भूल देणं हा जुगार आहे.

यातली एकही गोष्ट विज्ञानाला नवी नाही. पांढरा उंदीर शंभरहून अधिक वर्षं प्रयोगशाळेत आहे. त्याला भूल किती, वेदनाशामक किती, याच्या तपशिलांचे ढीग पडलेत. माझी रक्तदाबाची गोळी माझ्यापर्यंत यायच्या आधी उंदरांच्या पोटातून गेलेली आहे. माणसाच्या भल्यासाठी उंदीर कापायचं शास्त्र कधीचंच तयार आहे. उंदराच्या भल्यासाठी उंदीर कापायचा म्हटलं, की शहरात डॉक्टर शोधत फिरावं लागतं. आपल्याकडचं पशुवैद्यकाचं शिक्षण गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्याभोवती उभं आहे, आणि शेतीप्रधान राज्यात ते तसंच असायला हवं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. लोकांनी मला मुंबईतल्या परळचा रस्ता सांगितला. तिथे जनावरांचं जुनं मोठं रुग्णालय आहे. त्याच परळमध्ये प्लेगची लस काढणाऱ्या हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये आली होती. पण कसारा घाट उतरून पावणेदोनशे किलोमीटर, परत तेवढंच, आणि डब्यात आजारी उंदीर. तो प्रवासही वाईट दिवसांत धरायला हवा.

शेवटी नाशिकमध्येच एक तरुण डॉक्टर मॅडम भेटल्या. त्यांनी जिरीला हातात घेतलं, गाठ बोटांत धरून हलवून पाहिली. गाठ कातडीखाली मोकळी सरकत होती, हे चांगलं लक्षण. छातीला कान लावला. मग म्हणाल्या, "उंदरांची ऑपरेशनं मी थोडीच केली आहेत. त्यातला एक टेबलावरच गेला. तुमची वयाने बरी आहे, श्वास स्वच्छ आहे, गाठ अजून लहान आहे. मी करीन. पण दुसरीकडे पुन्हा गाठ येऊ शकते, हे धरून चला." आमचा निर्णय या बोलण्यावर झाला. टेबलावर गेलेल्या उंदराबद्दल जो डॉक्टर स्वतःहून सांगतो त्याच्या हाती जीव द्यावा, एवढी अक्कल मला या वयात आली आहे.

जिरी उठली. दुसऱ्या दिवशी वजन सात ग्रॅम कमी, चौथ्या दिवशी भरून निघालं. आठव्या दिवशी तिने माझी तिसरी कॉलर खाल्ली. त्यानंतर ती सात महिने जगली. सहाव्या महिन्यात जांघेत दुसरी गाठ आली, ती आम्ही तशीच राहू दिली, आणि एका पहाटे मोहरीच्या कुशीत ती झोपेतच गेली. ऑपरेशन वाया गेलं नाही का, असं नंतर एकाने विचारलं. सहा महिने बरे, एक वाईट. पंधरा वर्षं बरी आणि अडीच वाईट, असं आयुष्य मला कोणी लिहून दिलं तर मी सही करीन.

मोहरीची गोष्ट वेगळी झाली, आणि मला खरं बोलायचं आहे ते तिच्याबद्दल. सव्वीस महिन्यांची असताना तिलाही गाठ आली, जांघेत. तोवर तिचे मागचे पाय लुळे पडत चालले होते, श्वास घुरघुरत होता, बहीण गेल्यापासून ती पिंजऱ्याच्या एकाच कोपऱ्यात बसायची. गाठ जिरीच्या गाठीएवढीच होती. डॉक्टर त्याच होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणाल तर प्रयत्न करीन." पैसे बाजूला काढून ठेवलेले होते; जिरीच्या वेळचा धडा. आम्ही नाही म्हणालो. आधी लेक नाही म्हणाली, मग आम्ही.

तेव्हा लोक रागावले. लेकीच्या ओळखीतली प्राणी पाळणारी मुलं मुली, मनाने सोन्यासारखी. "काका, पैशांची अडचण होती तर सांगायचं, आम्ही वर्गणी काढली असती." एकीने तर लेकीला ऐकवलं, की जिरीवर तुझं जास्त प्रेम होतं. काय उत्तर द्यायचं? पैसे होते, दिवस नव्हते. सव्वीस महिन्यांच्या, घुरघुरणाऱ्या उंदरिणीला भुलीतून उठायचीच खात्री नाही. उठली तर ऑपरेशनचे दहा दिवस तिच्या उरलेल्या दिवसांतला केवढा वाटा खाणार? गाठ गेली तरी फुप्फुसं तीच, पाय तेच. ते ऑपरेशन मोहरीसाठी झालंच नसतं. 'आम्ही सगळं केलं' असं आम्हाला म्हणता यावं, म्हणून झालं असतं. माणसांच्या अतिदक्षता विभागाबाहेर हे मी पाहिलेलं आहे. नळ्या रुग्णाला असतात आणि त्यांचं समाधान बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हे बोलायची हिंमत होत नाही. उंदराच्या निमित्ताने बोलून घेतो.

मग दिवस बरे की वाईट हे ठरवायचं कसं? उंदीर हा कुणाचं तरी भक्ष्य म्हणून जन्मलेला प्राणी. दुखणं लपवण्यात पटाईत. विव्हळणारा उंदीर फार उशिरा विव्हळतो. २०११ साली संशोधकांनी उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पट्टी तयार केली: डोळे किती आवळलेत, नाक-गाल किती चपटे झालेत, कान आणि मिशा कशा वळल्यात. आम्ही रोज किचनच्या काट्यावर वजन करून दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहायचो. केस पिंजारलेत का, पाठीला पोक आहे का, डोळ्यांभोवती लाल ओघळ आहे का. हा ओघळ पाहून पहिल्यांदा आम्ही रक्त म्हणून घाबरलो होतो. ते रक्त नसतं, डोळ्यामागच्या ग्रंथीतला लाल रंग असतो. आजारात किंवा ताणात उंदीर तोंड पुसायचं सोडतो आणि तो दिसायला लागतो.

त्या दिवसांत अण्णा आले होते. खाटेवर बसून त्यांनी बराच वेळ मोहरीकडे पाहिलं. मग लेकीला विचारलं, "आपणहून खायला उठती का? का तुम्ही तोंडाशी नेता?" तोंडाशी नेतो, लेक म्हणाली. "मंग कान बघ तिचे," अण्णा म्हणाले. गोठ्यात ते हेच बघायचे. रवंथ थांबलंय का, कान पडलेत का, गव्हाणीकडे आपणहून तोंड जातंय का. पट्टी परदेशातून आली, पण अण्णांना ती पाठ होती.

तीन आठवडे वेदनाशामक थेंब दिले. त्यांतले दोन आठवडे ठीक गेले. तिसऱ्यात वजन रोज तीन-चार ग्रॅमने उतरायला लागलं आणि लेकीने मॅडमना फोन केला. आधी गॅसने गुंगी, मग कायमचं झोपवणारं इंजेक्शन. खर्च शस्त्रक्रियेच्या दहाव्या भागाहूनही कमी. मघाशी म्हटलेला स्वस्त मार्ग तो हाच.

यावर आक्षेप आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. आमच्या मजल्यावरचे एक काका जैन आहेत, ते म्हणाले, "आणायचं तुमच्या हातात नव्हतं, न्यायचं कसं हातात घेतलंत?" नाशिकला पांजरापोळाची जुनी परंपरा आहे. चुंचाळे शिवारातलं पांजरापोळ सगळ्यांना ठाऊक आहे. भाकड, लंगड्या जनावराला मरेपर्यंत चारा घालायचा, ही त्यामागची धारणा मला मोठी वाटते. पण पांजरापोळात जनावर आपल्या मरणाने मरतं. आमच्या पिंजऱ्यातल्या उंदराच्या आयुष्यात आपलं असं काय होतं? जन्म विक्रीसाठी, घर दुकानदाराच्या आणि मग आमच्या मर्जीचं. रानात असती तर सव्वीस महिने जगलीच नसती, घुबडाने कधीच नेली असती. इतकी लुडबूड केल्यावर शेवटच्या आठवड्यात 'निसर्गाला त्याचं काम करू द्या' म्हणणं मला जमलं नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदासुद्धा, जगवत ठेवणं हीच क्रूरता ठरेल अशा जनावराला संपवायची वाट ठेवतो. काकांना हे पटलं नाही. आम्ही अजून रोज सकाळी बोलतो.

आता यात सार्वजनिक काय, असं कोणी विचारेल. दोन उंदीर आणि एक हळवं कुटुंब. पण कॉलेज रोड, गंगापूर रोड, सिडको, जिकडे जाल तिकडे प्राण्यांची दुकानं आहेत, आणि कुत्र्या-मांजरांच्या पलीकडचे छोटे जीव मुलांना वाढदिवसाला दिले जातात. २०१८ च्या नियमांनी दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली. ती किती जणांकडे आहे, हे गिऱ्हाईक म्हणून मी तरी कधी विचारलं नव्हतं. त्याहून साधी गोष्ट म्हणजे विकताना एक कागद द्यावा. हा प्राणी एवढी वर्षं जगतो. एकटा ठेवू नये. मादीला उतारवयात गाठी येतात. त्याला तपासणारे डॉक्टर या शहरात हे हे आहेत. कोणी नसेल तर तसं लिहावं. रुपया खर्च नाही. कागद वाचून दहातले तीन जण परत गेले तर दुकानदाराचं नुकसान होईल, हे मला मान्य आहे. ते तीन जण परत जावेत, म्हणूनच कागद हवा.

शहरातल्या पशुवैद्यकांनीही आपसांत ठरवून एक यादी करायला हरकत नाही: उंदीर कोण पाहतं, पक्षी कोण, कासव कोण. नाही जमत त्याने नाही म्हणावं आणि यादीतला नंबर द्यावा. 'तीनशेला नवी मिळते' ऐकून जे घरी परततात त्यांच्यातले सगळे दुसरा डॉक्टर शोधत नाहीत. बरेचसे गाठ फुटेपर्यंत वाट पाहतात. त्या उंदराला ऑपरेशनही मिळत नाही आणि इंजेक्शनही.

सध्या घरात नवीन पिल्लांचा विषय निघाला आहे. मी या वेळी आधी मॅडमकडे जाऊन आलो. त्या म्हणाल्या, मादी लहान असतानाच तिचे बीजांडकोश काढले तर पुढे स्तनाच्या गाठी होण्याचं प्रमाण खूपच उतरतं. म्हणजे धडधाकट, चार महिन्यांच्या पिल्लाला टेबलावर घ्यायचं, तेच चार चमचे रक्त, तीच भूल, आणि तीही कदाचित कधीच न येणाऱ्या गाठीसाठी. माझ्या दिवसांच्या हिशेबात ते बसतं. लेकीलाही पटलं आहे. अण्णांना फोनवर सांगितलं तर ते काही वेळ गप्प राहिले.

"आजारी नाही, आणि तिला कापायची?" ते म्हणाले. "मंग नर आण ना."

लेक दोन नर कुठे मिळतील ते विचारत फिरते आहे. दुकानदार म्हणतो, लहानपणी कळत नाही, नशिबावर घ्यावं लागतं. हेही खोटं आहे, कळतं.